ओढ्याअलीकडचं थांबणं

आषाढ अर्धा सरला की मला धड झोप लागत नाही. पाऊस आवडतो म्हणणाऱ्या माणसांचा मी राग करत नाही, पण त्यांनी कधी पत्र्याखाली बसून कुणाची वाट बघितलेली नसावी, एवढं नक्की. आता भोरात आमचं स्लॅबचं घर आहे. बाहेर कितीही कोसळला तरी आत त्याचा आवाज येत नाही. तरी सकाळी दूधवाला जाता जाता म्हणतो, "नीरंला पानी लई वाढलंय बरं का," आणि मी दुधाचं पातेलं तसंच खाली ठेवते. मग मी वळून बघते. आई खिडकीपाशी खुर्चीत बसून लसूण सोलत असते. ती तिथं आहे हे एकदा डोळ्यांनी बघून घेते आणि चहाला आधण ठेवते.

यंदा भीतीत एक भर पडली आहे. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका धर्मादाय दवाखान्यातून मला बोलावणं आलंय. मी आईसारखीच नर्स. तिथं नर्स टिकत नाहीत, तुम्ही याल का, असं त्यांनी विचारलं, आणि हो की नाही ते महिनाअखेरीला फोनवर कळवा म्हणाले. बाबा वारले, आमच्या भाषेत प्रभूमध्ये झोपी गेले, तेव्हापासून घरात आई आणि मी. तिला सोबत नेता येणार नाही, तिच्या गुडघ्यांना तो प्रवासच झेपणार नाही. म्हणजे जायचं झालं तर तिला इथं एकटीला ठेवून जायचं, आणि हे तिलाही ठाऊक आहे.

आम्हा ख्रिस्ती माणसांत अशा गोष्टी ठरवायची एक रीत आहे. पगार, राहायची सोय, हवापाणी हे सगळं आम्हीही बघतो. देवानं त्याला बंदी केलेली नाही. पण शेवटी ती गोष्ट आम्ही 'प्रार्थनेत ठेवतो'. म्हणजे देवापुढं मांडायची आणि गप्प बसायचं, त्याचं म्हणणं कळेपर्यंत. कळलं की तसं करायचं, मग ते मनासारखं असो नाहीतर नसो. ऐकू येऊन न करणं हे आमच्याकडं मुळात न विचारण्यापेक्षा वाईट समजतात. मी महिनाभर सकाळ-संध्याकाळ गप्प बसले. काहीही ऐकू आलं नाही. पंख्याची घरघर, शेजारच्यांचा कुकर, खालून जाणारा टेम्पो, बस्स. या शांततेला मी पाण्याइतकीच भिते, हे कबूल करायला हरकत नाही.

मी नववीत होते तो पावसाळा अशा वेळी उठून समोर येतो. आई तेव्हा मार्गासनीच्या पुढच्या एका लहान गावात सरकारी नर्स होती. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत तपासायचं टेबल, औषधांचं कपाट, कुटुंब नियोजनाचं भिंतीवरचं चित्र. मागच्या खोलीत आमचा संसार. वर पत्रा. बाबा एसटीत ड्रायव्हर, भोर डेपोला. त्यांची मुक्कामाची गाडी आज एका गावाला तर उद्या दुसऱ्या, त्यामुळं घरात बहुतेक आम्ही दोघीच. गावात सगळी शेतकऱ्यांची घरं, ख्रिस्ती असे आम्हीच. आई नगरकडची. तिची भाषा जरा वेगळी, कपाळ मोकळं. पण बाईचा हात हलका आहे हे गावानं एकदा ठरवलं आणि मग बाकीच्या चौकशीत कुणी वेळ घालवला नाही.

त्या दिवसांचा वास अजून माझ्या नाकात आहे. ओल्या घोंगड्याचा, स्पिरिटचा, रॉकेलच्या स्टोचा, आणि सगळ्यावर चिखलाचा. खाचरं तुडुंब भरलेली. लावणीला वाकलेल्या बायकांनी अंगावर इरली घेतलेली असायची, पानांची, पाठीवरून खाली आलेली. लांबून माणूस दिसायचंच नाही, नुसती इरली सरकत जाताना दिसायची. डोंगर तर महिनाभर गायब. तोरणा तिथं आहे यावर नुसता विश्वास ठेवायचा. कपडे वाळायचे नाहीत, काडेपेटी पेटायची नाही, आणि पत्र्यावर असा मार चालायचा की आई शेजारी बसून बोलली तरी तिचे ओठच बघावे लागायचे. एवढ्या आवाजात तिला देवाचं कसं ऐकू येतं, हा मला पडलेला मोठा प्रश्न होता.

कारण तिला यायचं. निदान माझी तशी खात्री होती. बाहेर निघताना बॅग खांद्याला लावली की ती दारात थांबायची, एक हात चौकटीवर, डोळे मिटलेले. "थांब, विचारते," म्हणायची. मग डोळे उघडायची आणि "जायला सांगितलंय" म्हणून चालू लागायची. कधीमधी "आज नको म्हणतोय, उद्या" असंही व्हायचं, आणि खरंच ती दुसऱ्या दिवशी जायची. बाबांना यात फार मौज वाटे. "आमचा साहेब डेपोत बसतो," ते म्हणायचे, "त्याला चहा पाजला की रजा मंजूर. तुझ्या आईचा साहेब लई वर बसलाय. तिथं चहा पोचत न्हाई." आई नुसती हसायची.

मला मात्र त्या चौकटीची धास्तीच बसली होती. गाव आणि पलीकडची वाडी यांच्यामध्ये ओढा होता. त्यावर फरशी होती. पूल म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं, काँक्रीटचा एक बसका पट्टा, कठडा नाही, आणि वर डोंगरात जोर झाला की पाणी त्याच्यावरून वाहायचं. तांबडं, जड, न बोलणारं पाणी. दरसाल एखादं जनावर तरी तो ओढा न्यायचाच. वाडीत बाळंतपण असलं की आई त्यावरून जाणार, आणि देव तिला "जा" म्हणणार. देवाला पाणी दिसत नाही का, असं मला वाटायचं. मग असं वाटलं म्हणूनही भीती वाटायची.

रविवारच्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं की देव माणसाला नावानं हाक मारतो. बाकीच्या पोरांना ते छान वाटलं होतं. मला घाम फुटला होता. त्यानं हाक मारली म्हणजे तो काहीतरी करायला सांगणार, आणि जे सांगणार ते सोपं नसणार, एवढं मला आईकडं बघून कळलं होतं. म्हणून मी प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटले तरी कान आवळून धरायची. माझ्याशी बोलू नकोस. आईशी बोललास तर तिला नको म्हण. आमेन. त्या पावसाळ्यात माझी रोजची प्रार्थना एवढीच होती, आणि ती मी मनापासून करत होते.

त्या दुपारी किसन आला. पलीकडच्या वाडीतला तरणा शेतकरी, वर्षापूर्वीच लग्न झालेला. डोक्यावर पोत्याची खोळ, पाय मांडीपर्यंत चिखलानं भरलेले. दारात उभा राहून तो आधी नुसता धापा टाकत राहिला.

"बाई, चला. हौसाचं सकाळधरनं चाललंय. पानी जाऊन लई वकुत झाला. सुईन म्हन्ती पोर म्होरं सरकंना. माज्यानं न्हाई बगवत आता ह्ये."

आईनं लगेच बॅग भरली. उकळलेली कात्री, दोरा, हातमोजे, इंजेक्शनं. प्लॅस्टिकचे बूट घातले. मग दारात आली, चौकटीवर हात ठेवला, डोळे मिटले. किसन वाटेला लागलासुद्धा होता. चार पावलं गेला आणि मागं वळला, तर बाई तिथंच.

आईनं डोळे उघडले. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तिनं बॅग खांद्यावरून काढून खाली ठेवली.

"थांब म्हणतोय," ती म्हणाली.

किसननं तिच्या मागं, आतल्या खोलीत डोकावून पाहिलं. "कोन? आत कोन हाय?"

"आत कुणी नाही, किसनराव. थोडं बसा."

"बसू? बाई, तिकडं माजी बायकू मराया लागलीया!"

"मला कळतंय."

"कळतंय तर चला की! पान्याला भ्याला आसाल तर म्या धरून न्हेतो. खांद्यावर घिऊन जातो तुमास्नी!" त्याचा आवाज चिरकला. "तुमचा द्येव आडवतो व्हय बाईमानसाला? ह्यो कसला द्येव?"

रोज मागत होते ते मिळालं होतं. देवानं माझं ऐकलं होतं, आणि ऐकल्याचा अर्थ आता दारात उभा राहून ओरडत होता. देवानं माझं मागणं नाकारलं असतं तर मी रडले असते, पण हे रडण्यासारखं नव्हतं. ओढ्यापलीकडं एक बाई होती, जिला मी दोनदा पाहिलं होतं, एकदा ती माझ्याकडं बघून हसली होती. मी आईच्या कानाशी गेले आणि पुटपुटले, "आई, मीच सांगितलं होतं त्याला. तुला नको म्हण म्हणून."

आई माझ्याकडं बघत राहिली. रागावली नाही. "तुझं तू सांगितलंस," ती हळू म्हणाली. "माझं मी ऐकलं." पण हे म्हणताना तिनं नजर काढून घेतली.

मग आम्ही थांबलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. चुलीवर भात शिजायला लागतो तेवढा असेल. किसन ओरडायचा थांबला आणि पडवीच्या कडेला उकिडवा बसला. आई टेबलाशी स्टुलावर बसलेली, डोळे मिटलेले, ओठ हलतायत. पत्र्यावर पाऊस. मला वाटत होतं की आत्ता पलीकडं ती बाई मरतेय, आत्ता, आत्ता, आणि ते माझ्यामुळं. मी देवाला दुसरी प्रार्थना करायला गेले तर तोंडातून शब्दच येईना. एकदा मागितलेलं परत कसं घेतात, हे कुणी शिकवलं नव्हतं.

आणि आई उठली. बॅग उचलली. "चला," म्हणाली, आणि किसन उभा राहायच्या आत ती वाटेला लागलीसुद्धा.

मी मागं पळाले. ओढ्यावर पाणी कमी झालेलं नव्हतं, उलट एखाद वेळी वाढलंच असेल. फरशी दिसतच नव्हती, ती कुठं आहे ते किसनच्या पायांना ठाऊक होतं. त्यानं आईचं मनगट पकडलं आणि दोघं आत उतरले. पाणी गुडघ्याला, मग वर. मधोमध आई थांबली. किसननं तिला ओढलं. ती पुन्हा निघाली. मग पलीकडं धुकं होतं आणि त्यात दोघंही दिसेनाशी झाली. मी काठावर उभी राहिले ती गावातल्या एका बाईनं हाताला धरून घरी नेलं तोवर. बाबांची गाडी मुक्कामाच्या गावी अडकलेली, रस्ता बंद. ती रात्र कशी काढली ते मी लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी आई आली. ओलीचिंब, डोळे तांबडे, हातात हौसाच्या सासूनं दिलेली तांदळाची पिशवी. मुलगी झाली होती. दोघी बऱ्या होत्या. मी तिच्या कमरेला मिठी मारली तर ती म्हणाली, "आधी चहा कर." मी चहा करताना विचारलं, "आई, थांब का म्हणाला होता गं तो?" ती म्हणाली, "माहीत नाही."

रविवारी आम्ही उपासनेला भोरला गेलो. तेव्हा आमचं चर्च, आम्ही त्याला मंडळी म्हणतो, म्हणजे जेमतेम खोलीभर माणसं, आणि ती खोलीही एका शिंप्याच्या दुकानावरची, भाड्याची. दुकान मुमताजभाभींच्या घरचं. वर आमची गाणी चालली की खाली त्या मशीन बंद ठेवायला लावायच्या. उपासनेत साक्ष द्यायची पद्धत असते. त्या आठवड्यात देवानं काय केलं ते उभं राहून सांगायचं. बाबांनीच ही हकिकत मंडळीच्या पाळकांच्या, म्हणजे पास्टरांच्या, कानावर घातली होती. पाळक भला माणूस, पण साक्षीला शेपूट लागतं असं त्याचं मत. आईनं सांगितलं, थांब म्हणाला, थांबले, मग गेले, मुलगी झाली. आणि खाली बसली.

"पण ताई, प्रभूनं थांबवलं कशासाठी, ते सांगा की मंडळीला!" पाळक म्हणाले.

"ते कळलं नाही," आई म्हणाली.

लोकांना हे चालेना. कारण नसलेली साक्ष म्हणजे बिनमिठाचं कालवण. मग मंडळीनं मिळून कारण शोधलं. त्याच वेळी वरून मोठा लोंढा आला असणार, असं कुणीतरी म्हणालं. पुढच्या रविवारी त्या लोंढ्यात एक झाड आलं. नाताळपर्यंत त्या झाडावर नाग बसला होता, आणि सारोळ्याच्या एका प्रार्थनासभेत तर मी माझ्याच कानांनी ऐकलं की फरशी आईच्या डोळ्यांदेखत वाहून गेली आणि ती पाण्यावरून कोरडी चालत गेली. फरशी पुढं कितीतरी वर्षं तिथंच होती. आम्ही तिच्यावरूनच वाडीला जायचो. आई या सगळ्यावर मान खाली घालून बसायची. लोक म्हणायचे, किती नम्र बाई आहे.

मग लोक विचारायला येऊ लागले. ख्रिस्ती नसलेलेसुद्धा. मुमताजभाभी एकदा तिला जिन्यात गाठून म्हणाल्या, "बाई, पोराला कापूरहोळला गॅरेज टाकून देऊ का? तुमी जरा विचारा ना वर." आई इतकी दचकली की तिच्या हातातली छत्री पडली. "भाभी, मला कुणी काही सांगत नाही," ती म्हणाली. भाभींना वाटलं, बाई टाळतात. गॅरेज पुढं चांगलं चाललं, त्याचं श्रेयही आईलाच मिळालं. त्यानंतर आईनं दारात उभं राहून मोठ्यानं 'म्हणतोय' म्हणायचं बंद केलं. हात चौकटीवर जायचा, डोळे मिटायचे, मग नुसतीच निघायची. मी समजले की आता त्यांचं बोलणं आणखी खोलातलं झालं असेल. मी मोठी झाले, नर्स झाले, ती त्या दारातल्या आईकडं बघत. 'थांब' आलं की थांबावं, आणि मग 'जा' येतंच येतं, हे मी तिच्याकडूनच शिकले.

म्हणून परवा, महिना संपत आला आणि दवाखान्याला कळवायचं राहिलंच होतं तेव्हा, न राहवून मी तिला विचारलं. ती पलंगावर बसून दमट कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, त्या दिवशी 'जा' कसं आलं होतं गं? आवाज आला होता, की नुसतं मनात आलं?"

"कुठल्या दिवशी?"

"किसनरावांच्या हौसाचं बाळंतपण. तू थांबलीस, मग 'जा' आलं, ते."

आईनं घडी मोडली आणि पुन्हा घातली. "आलं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"थांब आलं होतं. तू आत्ता बोलतेस ना, इतकं स्पष्ट. मग तू येऊन सांगितलंस, तू तसं मागत होतीस म्हणून. तेव्हा मला कळेना, हे 'थांब' त्याचं की माझ्या पोरीच्या भीतीचं. म्हटलं, 'जा' येऊ दे, मग उठू. वाट बघितली. आलंच नाही."

"मग उठलीस कशी?"

"किसन पडवीत बसला होता. चिखलात बोटानं रेघा ओढत होता, लहान पोरासारखा. मला बघवेना. उठले."

बाहेर पाऊस पडत असणार, खिडकीची काच वाहत होती.

"फरशीवर मधे थांबले मी, तुला आठवतंय? तू काठावर होतीस. मला वाटलं, आता तो मला नेतोय. सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून. पाण्याची भीती नव्हती गं मला त्या दिवशी. त्याचीच होती."

"पण सगळं नीट झालं ना आई. मुलगी झाली. दोघी जगल्या."

"नीट झालं म्हणजे बरोबर होतं असं असतं का?" ती म्हणाली. "त्यानंतर मला पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही. दारात उभी राहायचे ती सवयीनं. जायला लागायचं, जायचे. दर वेळी घाबरत. मंडळीत उभं राहून हे कसं सांगणार? ते झाडं आणि नाग आणत होते." तिनं माझ्याकडं मान वर करून पाहिलं. आयुष्यभर वाडीवस्तीवरच्या पोरांच्या नाळा कापलेली ही बाई, आणि तिचा चेहरा नववीतल्या माझ्यासारखा झाला होता. "माझं चुकलं असेल का गं?"

उपासनेला बसून-बसून अशा प्रश्नांची उत्तरं मला पाठ आहेत. देव दयाळू आहे. देव हृदय बघतो. थांब म्हणजे कायमचं थांब थोडंच. यातलं एकही मला त्या क्षणी सुचलं नाही, आणि प्रार्थनेत ठेवायलाही मी थांबले नाही.

"नाही," मी म्हणाले. "नाही चुकलं."

"हे तू सांगतेस, की तो?"

"माहीत नाही."

आईनं घडी घातलेला कपडा बाजूला ठेवला, डोळे पुसले, आणि उशीजवळचा माझा मोबाईल माझ्यापुढं सरकवला. "कर मग त्या दवाखान्याला फोन," ती म्हणाली. "येते म्हणून सांग." मी नंबर लावला. तिकडं रिंग वाजायला लागली, तशी तिनं माझी ओढणी मुठीत धरली आणि माझं बोलणं संपेपर्यंत सोडली नाही.